खड्डा उघडा असतानाच गाव यायला हवं

ठाण्यातल्या एका तलावाचा गाळ उपसायचं काम चालू होतं, तेव्हा आमच्या ओळखीचे एक काका तिथे देखरेखीला होते. एका संध्याकाळी ते घरी आले आणि खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत एक खापर. तळहाताएवढं, तुटल्या कडेला फिकट पिवळी माती, आणि वरच्या अंगाला निळसर हिरवी झिलई, अजून चकाकणारी. "तुला असलं आवडतं ना, म्हणून बाजूला ठेवलं," म्हणाले. मी हरखले. मग विचारलं, काका, नेमकं कुठे मिळालं? "गाळात. कुठल्या कोपऱ्यातून उपसलं ते नाही सांगता येणार." अजून होती का अशी? "होती की, घमेलंभर तरी असतील. गेली भरावात."

मी ते या विषयातल्या एका जाणत्या सरांना दाखवलं. झिलई पाहून ते म्हणाले, इराणच्या आखाताकडून येणाऱ्या भांड्यांच्या जातीचं दिसतंय. अशी खापरं चौलला मिळाली आहेत, वर गुजरातेत संजाणलाही. पुढे मात्र ते बोलेनात. किती जुनं, ठाण्यात कोणी आणलं, कोणाच्या घरात वापरलं, यातलं काहीही या एकट्या तुकड्यावरून सांगता येणार नव्हतं. जिथे होतं तिथेच असताना कोणी पाहिलं असतं, तर सांगता आलं असतं.

काकांची यात काही चूक नाही. उलट त्यांनी ते जपलं. जमिनीतल्या वस्तूइतकीच तिची जागा मोलाची असते, हे त्यांना कधी कोणी सांगितलंच नव्हतं. पुरातत्त्वातल्या उत्खननाच्या जागी लोकांना बोलावणं, शाळेची मुलं आणणं, गावात कार्यक्रम करणं, हे सगळं का करायचं ते समजून घ्यायचं, तर सुरुवात या खापरापासूनच करावी लागते.

घरात रद्दीचा गठ्ठा साठत जातो तो आठवा. तळाला जूनचे पेपर, त्यावर जुलैचे, त्यावर ऑगस्टचे. मध्येच एखादं लाईटचं बिल अडकलेलं सापडलं आणि त्यावरची तारीख पुसली गेली असली, तरी वरखालच्या पेपरांवरून ते कधीचं ते कळतं. जमीनही अशीच साठत जाते. घर पडतं, त्यावर माती बसते, माती चोपून कोणीतरी दुसरं घर बांधतं. प्रत्येक थराचा रंग निराळा, पोत निराळा. एकाच थरात मिळालेलं नाणं, खापर, माशाचा काटा आणि चुलीतला कोळसा हे एकमेकांचे साक्षीदार असतात. नाण्यावर राजाचं नाव वाचता आलं तर शेजारच्या खापराचा काळही उलगडतो. कोळशाचं वय कार्बन-१४ तपासणीने काढता येतं, आणि त्या कोळशाभोवतीच्या सगळ्या संसाराला मग तारीख मिळते. अर्थात गठ्ठा कोणी उपसलेला नसेल तरच. मध्येच विहिरीसाठी किंवा पायासाठी खड्डा गेला असेल, तर खालचं वर आणि वरचं खाली होतं, आणि तो खड्डा कुठून कुठवर गेला हे मातीच्या रंगावरून आधी शोधून काढावं लागतं.

आता यातली खरी अडचण. शास्त्रशुद्ध उत्खनन करणारेसुद्धा तो गठ्ठा मोडतच असतात. एकदा उचललेला थर परत जागेवर ठेवता येत नाही. म्हणजे हे असं पुस्तक आहे, ज्याचं प्रत्येक पान वाचता वाचता नष्ट होतं. म्हणून तर एवढी मोजमापं, फोटो, नकाशे, पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या. जागेवर खुंट्या ठोकून, सुतळी बांधून चौकोन आखतात. पाच बाय पाच मीटर, कधी दहा बाय दहा. दोन चौकोनांमध्ये मातीचा एक पट्टा न खणता उभा सोडतात, शेताच्या बांधासारखा, म्हणजे त्याच्या कापलेल्या अंगावर सगळे थर एकाखाली एक दिसत राहतात. ही पद्धत आपल्याकडे रुजवली मॉर्टिमर व्हीलर यांनी. १९४४ ते १९४८ या काळात ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक होते. त्याआधी इंग्लंडमध्ये मेडन कॅसलच्या टेकडीवर उत्खनन करताना त्यांनी लोकांना मुद्दाम येऊ दिलं होतं, त्यांना जागा फिरून दाखवायची सोय केली होती. लोकांच्या पैशावर चालणारं काम लोकांना दिसलं पाहिजे, याबद्दल ते ठाम होते.

कोकणात पाऊस सरल्यावरच हे काम करता येतं, आणि हंगाम संपला की बहुतेक खड्डे परत मातीने बुजवतात. उघडे ठेवले तर पहिल्याच पावसात भिंती ढासळतील. त्यामुळे गावाला स्वतःच्या पायाखालचं काही डोळ्यांनी पाहायची संधी मिळते ती फक्त त्या काही आठवड्यांत. नंतर उरतो तो अहवाल, बहुतेक वेळा इंग्रजीत, आणि तोही निघेपर्यंत वर्षं जातात.

नालासोपाऱ्याचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. २०१४ मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत ते ठाणे जिल्ह्यातच होतं. तिथल्या एका टेकाडाला गावकरी "बुरूड राजाचा कोट" म्हणायचे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी ते टेकाड खणलं, तर आत बौद्ध स्तूप निघाला. गाभ्यात दगडी पेटी, तिच्यात एकात एक बसवलेले करंडक, म्हणजे झाकणाच्या डब्या, तांब्यापासून थेट सोन्यापर्यंत; भोवती बुद्धांच्या आठ छोट्या मूर्ती; सातवाहन राजा यज्ञ सातकर्णी याचं चांदीचं नाणं; सोन्याची फुलं; आणि सगळ्यात आतल्या सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे चिमुकले तुकडे. भिक्षापात्राचे अवशेष म्हणून कोणीतरी ते एवढ्या भक्तीने जपले होते. सोन्याच्या पोटात खापर! खापराला कमी लेखणाऱ्या प्रत्येकाला मी ही गोष्ट सांगते.

त्या नावाकडे जरा पाहा. त्यात राजा आहे, कोट आहे, स्तूप कुठेच नाही. म्हणजे लोकांना इतिहास माहीत होता असं म्हणता येणार नाही. पण हे टेकाड आपोआप झालेलं नाही, माणसांनी उभारलेलं आहे, ही आठवण त्या नावाने टिकवून ठेवली होती. गावाला काय ठाऊक असतं, तर ते हे असतं. कुठल्या वावराला काय म्हणतात, नांगराला कुठे विटा लागतात, जुनी विहीर कुठे बुजवली. उपग्रहाच्या छायाचित्रात यातलं फारच थोडं दिसतं.

सोपाऱ्याची ती पेटी आणि करंडक पुढे मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत गेले. तिथे ते जपले गेले हे खरंच. पण सोपाऱ्याच्या माणसाला आपल्या गावातली वस्तू पाहायला फोर्टात जावं लागतं, हेही तेवढंच खरं. याच्या अगदी उलट चित्र धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला आहे. रामलिंगप्पा लामतुरे हे तिथलेच. गावात, शेतात निघणाऱ्या वस्तू त्यांनी जमवल्या, आणि आज त्यांच्याच नावाचं सरकारी वस्तुसंग्रहालय तेरमध्येच उभं आहे. तमिळनाडूत कीळडीला २०१४-१५ पासून उत्खनन चाललं, लोक लांबून लांबून खड्डे पाहायला येत राहिले, आणि मार्च २०२३ मध्ये तिथेच संग्रहालय उघडलं. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात १९७६ ते १९८१ भर बाजारात उत्खनन चालू असताना ते लोकांसाठी खुलं ठेवलं होतं. लाखो लोक येऊन गेले, आणि १९८४ मध्ये त्याच जागी वायकिंगांच्या काळावरचं संग्रहालय झालं. लोकांनी आधी खड्डा पाहिला होता, म्हणून संग्रहालय त्यांना परकं वाटलं नाही.

लोकांना बोलवायचं म्हणजे करायचं काय? फीत कापून भाषणं करण्यात काही अर्थ नाही. खुल्या दिवसाची चांगली मांडणी साधी असते. दोरी बांधून चालायची वाट आखलेली असते, कारण खड्ड्याच्या काठावर चार माणसं उभी राहिली की काठ ढासळतो. त्यात खाली बसून काम करणाऱ्याचा जीव धोक्यात येतो आणि थरही बिघडतात. प्रत्येक चौकोनापाशी एकजण बोलायला. एका टेबलावर वेगवेगळ्या थरांची माती, हात लावून बघायला. एका बाजूला चाळणी, एका बाजूला पाण्याच्या बादल्या आणि जुने टूथब्रश.

त्या बादल्यांपाशी सगळ्यात जास्त गर्दी होते. कोकणातल्या एका उत्खननावर मी दोन आठवडे स्वयंसेवक होते, तेव्हा रोज दुपारी हेच काम माझ्याकडे असायचं. खापर पाण्यात बुडवायचं, तुटलेल्या कडेवरून आधी ब्रश फिरवायचा, मग पाठीवरून, हलक्या हाताने. रंगीत असेल तर ब्रश लावायचाच नाही. आतल्या बाजूला काजळी किंवा अन्नाचा थर चिकटलेला दिसला तर ते न धुता थेट सरांकडे, कारण त्या चिकटलेल्या अन्नातून काय शिजत होतं ते प्रयोगशाळेत कळू शकतं. खुल्या दिवशी सहावीतली एक मुलगी माझ्या शेजारी उकिडवी बसली होती. तिच्या हातातल्या खापराच्या आतल्या अंगावर बोटाच्या खुणा उमटलेल्या होत्या, कुंभाराच्या. तिने त्या खाचेत स्वतःचं बोट ठेवलं, आणि ते बरोबर बसलं. ती कितीतरी वेळ काही बोललीच नाही. त्या मुलीला "वारसा जपा" असं वेगळं सांगायची गरज उरलेली नाही, याबद्दल माझी खात्री आहे.

आणि खड्ड्यात काम करणाऱ्या गावातल्या बायका! कागदावर त्या मजूर असतात. पण हातातली कुदळ थांबवून "ताई, माती बदलली" असं आधी म्हणायच्या त्याच. शिकलेल्या मुलांना रंग ओळखायला वेळ लागतो, यांना कुदळीच्या आवाजावरून कळतं. खुल्या दिवशी समजावून सांगायला त्यांनाच उभं केलं, तर गावकरी निराळ्याच लक्षाने ऐकतात. कारण बोलणारी शेजारची वहिनी असते, पाहुणा नसतो.

एवढं असूनही गावातून येणारे पहिले दोन प्रश्न ठरलेले. एक, सोनं सापडलं का? दुसरा, आमची जागा जाणार का?

पहिल्याचं उत्तर रोज द्यावं लागतं. पडद्याआड काम चाललं की गुप्तधनाची अफवा पसरते, आणि एखाद्या रात्री कोणीतरी पहारी घेऊन येतं. सकाळी काय मिळालं ते संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिलं, तर अफवेला जागाच राहत नाही. कायदाही लोकांना सांगायला हवा. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं, जमिनीत दडलेलं काही सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. ते सरकारने घ्यायचं ठरवलं तर वस्तूच्या द्रव्याची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश द्यायची तरतूद त्याच कायद्यात आहे. लपवलं तर मात्र गुन्हा.

दुसरा प्रश्न जास्त खोल आहे, आणि नवी मुंबईत तो टाळून पुढे जाताच येत नाही. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी लागल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरातल्या आंदोलनात पाच जणांचे बळी गेले. साडेबारा टक्के जमीन परत मिळण्याची योजना त्या लढ्यातून आली. ज्या गावांनी हे भोगलंय, तिथे कोणी टेप आणि खुंट्या घेऊन उभं राहिलं की माणसं चमकणारच. त्यांना अडाणी म्हणणारे मला भेटले आहेत, आणि त्यांच्याशी मी दरवेळी भांडले आहे.

म्हणून खड्डा खणायच्या आधीची बैठक खुल्या दिवसापेक्षा महत्त्वाची. तिथे नेमकं काय सांगायचं? उत्खननाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते, ती दाखवायची. १०० मीटरपर्यंत बांधकामबंदी आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रण हा जो नियम लोकांनी ऐकलेला असतो, तो २०१० च्या दुरुस्तीने थेट कायद्यात आला आणि केंद्राने राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून संरक्षित केलेल्या स्मारकांना आणि स्थळांना लागू आहे. शेतात चार खापरं निघाली म्हणून तो आपोआप लागत नाही. पण एखादी जागा पुढे संरक्षित होऊच शकत नाही, असं खोटं आश्वासनही द्यायचं नाही. तशी शक्यता असेल तर पहिल्याच दिवशी तोंडावर सांगायची. एकदा गोड बोलून वेळ मारून नेली, की त्या पंचक्रोशीत पुढची पन्नास वर्षं कोणी दार उघडत नाही.

मानवी सांगाडा निघाला तर गावाला काय वाटतं ते विचारूनच तो दाखवायचा की झाकायचा ते ठरवावं, आणि तिथे सेल्फी काढू देऊ नये. शिवाय प्रत्येकाला आपल्या पूर्वजांचंच काहीतरी निघावं असं वाटत असतं. उत्खनन करणाऱ्याने त्या इच्छेला हो म्हणायचं नसतं आणि तिची टिंगलही करायची नसते. थर काय सांगतात तेवढंच सांगायचं. आणि निकाल लागले की परत यायचं. बहुतेक पथकं नेमकी इथेच कमी पडतात. कोळशाची तारीख आली, खापरांची वर्गवारी झाली, की गावच्या शाळेत येऊन तासभर मराठीत बोलायला काय लागतं? या सगळ्या कार्यक्रमांत मला हा शेवटचा सर्वात मोलाचा वाटतो, आणि तोच सर्वात कमी वेळा होतो.

ठाणेकरांनी तर हा विषय अंगणातला समजायला हवा. मध्ययुगात कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहार राजांचं श्रीस्थानक ते हेच. १७८० च्या दशकात ठाण्याच्या किल्ल्यात पाया खणताना एक ताम्रपट निघाला, शके ९३९ चा, म्हणजे १०१७ सालचा, राजा अरिकेसरीचा. त्याचा अनुवाद १७८८ मध्ये छापला गेला. अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ चं, १०६० सालचं. मार्को पोलोने ठाण्याचं वर्णन केलं आहे. एवढ्या जुन्या शहरात आज गल्लीगल्लीत पुनर्विकासाचे पाये खणले जाताहेत, मेट्रोचे खांब उभे राहताहेत, तलावांचा गाळ निघतोय. प्रत्येक खड्ड्यापाशी पुरातत्त्वज्ञ उभा राहू शकत नाही. जेसीबीचा चालक, सुपरवायझर, वॉचमन, सोसायटीचे सेक्रेटरी हे मात्र उभे असतात. मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल विभागाने साष्टी परिसराच्या सर्वेक्षणात विद्यार्थ्यांना आणि हौशी लोकांना बरोबर घेतलं, त्यामागचं कारणही हेच असावं असं मला वाटतं. पायी फिरणारे डोळे जितके जास्त, तितकं कमी निसटतं. तुमच्यासमोर काही निघालं तर ते उचलण्याआधी जागेवरच फोटो काढा, शेजारी पेन किंवा चप्पल ठेवून, म्हणजे आकार कळेल. किती खोलीवर आहे ते लिहा, आणि तहसीलदारांना किंवा राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला कळवा. घासू नका, तेल लावू नका.

नवी मुंबईतल्या एका गावात आम्ही काहीजण जुन्या दगडांची नोंद करत होतो. गावदेवीच्या देवळाबाहेर पिंपळाखाली एक उभा दगड होता, शेंदराने माखलेला, रोज फूल वाहिलं जाणारा. गधेगळ असावा असा अंदाज होता. गधेगळ म्हणजे दानाची ग्वाही देणारा दगड. वर सूर्यचंद्र, कारण ते आहेत तोवर दान चालायचं. कधी मध्ये कोरलेला लेख. आणि खाली दान मोडणाऱ्याला गाढवाची शिवी, चित्रातून. शिलाहारांच्या मुलखात असे दगड बरेच आहेत. शेंदूर खरवडायचा प्रश्नच नव्हता, तो गावाचा देव आहे. आम्ही आधी आजूबाजूच्या घरांत जाऊन विचारलं. एका आजोबांनी विचारलं, "मोजता कशाला? कुठल्या खात्याकडून आलात?" सगळं सांगितलं. हलवणार नाही, रंग काढणार नाही, फक्त बघणार. ते म्हणाले, दिवेलागणीनंतर या.

रात्री बॅटरी दगडाच्या अगदी कडेला धरून आडवा उजेड टाकला, की झिजलेल्या कोरीव कामाच्या सावल्या पडतात आणि दिवसा न दिसणारं दिसतं. अर्धं गाव जमलं होतं. मोबाइलचे दिवे बंद करायला लावले. एका मुलाने बॅटरी धरली आणि हळूहळू फिरवली. आधी नुसता खडबडीतपणा. मग एका कोनात चंद्राची कोर उमटली, तिच्या शेजारी सूर्याचं वर्तुळ. पोरांनी एकदम ओरडा केला. लेखाच्या ओळी असतील तर त्या शेंदराखाली राहिल्या, त्या तशाच राहू दिल्या.

गर्दीच्या मागून एक आजी पुढे आल्या. पदर सावरत म्हणाल्या, "ह्यो दगड हितला नाय. आमचे सासरे सांगायचे, खाडीकडच्या खारजमिनीच्या बांधावर होता. रस्ता झाला तवा पोरांनी बैलगाडीत घालून हितं आणला." बांध कुठे होता, आजी? त्यांनी अंधारातच हात करून दाखवलं, आता जिथे इमारती आहेत त्या बाजूला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आमच्याबरोबर चालत आल्या आणि दोन इमारतींमधल्या गटारापाशी उभ्या राहिल्या. "हितं," म्हणाल्या. आम्ही तिथे उभं राहून जागेची नोंद केली, आणि त्याखाली सांगणाऱ्याच्या रकान्यात त्यांचं नाव लिहिलं.